सांगणाऱ्याचा अधिकार : लिंगो-गीताच्या नोंदी आणि गोंड समाजाचे विदा-सार्वभौमत्व

१. प्रश्नाची मांडणी

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा या गावी राहून मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीची कल्पना करू. तिचे आजोळ सालेकसा तालुक्यातले, आजोबा परधान. लहानपणी त्यांच्या किंगरीच्या साथीने तिने लिंगोची कथा ऐकलेली आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी तीच कथा ती ग्रंथालयात शोधू लागते, तेव्हा ती तिला सापडते. परंतु हिस्लॉप, टेंपल, फॉर्सिथ, रसेल या नावांखाली सापडते. आता तिला प्रबंधिकेत संदर्भ द्यावयाचा आहे. आपल्या संशोधनपद्धतीचा रूढ संकेत असा, की छापील ग्रंथ हे 'साधन' आणि आजोबांचे कथन ही 'तोंडी माहिती'. ग्रंथाला लेखक, संपादक, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठांक असतो. आजोबांना यांपैकी काहीच नसते. म्हणजे ज्या परंपरेतून ग्रंथ निर्माण झाला, त्या परंपरेचा वारस ग्रंथापुढे दुय्यम ठरतो. या संकेतामागे कोणता न्याय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारासाठी एक अलीकडची संकल्पना उपयोगी पडते. मूलनिवासी समाजांचे विदा-सार्वभौमत्व असे तिचे नाव. 'विदा' म्हणजे कोणत्याही स्वरूपात नोंदलेली माहिती : जनगणनेतील आकडे, जमिनीचे दप्तर, वंशावळी, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, शब्दसंग्रह, गीते आणि कथा. ज्या समाजाकडून किंवा ज्या समाजाविषयी ही माहिती घेतली गेली, तिच्या जतनाविषयी, वापराविषयी आणि अर्थाविषयी बोलण्याचा पहिला अधिकार त्या समाजाचा आहे, असे ही संकल्पना सांगते. ताहू कुकुटाई आणि जॉन टेलर यांनी २०१६ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने तिला अभ्यासविषयाचे स्थैर्य दिले. २०१९ मध्ये सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, उत्तरदायित्व आणि नीती ही चार तत्त्वे आंतरराष्ट्रीय पातळीवर मांडली गेली.

परदेशी संकल्पना उचलून येथील सामग्रीला लावण्याचा मोह आपल्या विद्यापीठीय लेखनाला नवा नाही. तथापि, येथे तसे करण्याची गरज नाही. परधानांच्या कथनपरंपरेत कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगावे याचे नियम आधीपासूनच आहेत. छापील नोंदीने कथा टिकवली आणि हे नियम गाळले. तेव्हा नोंदींवरील अधिकाराचा प्रश्न हा मुळात गाळलेल्या संदर्भाच्या पुनर्स्थापनेचा, म्हणजे साहित्याच्या अभ्यासकाच्या नित्य कामाचाच प्रश्न आहे, एवढे या लेखात दाखवावयाचे आहे.

२. लिंगो-गीताचा छापील प्रवास

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. भूशास्त्र, पुरातत्त्व आणि आदिवासींच्या भाषा हे त्यांच्या व्यासंगाचे विषय होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटच्या प्राचीन शिळावर्तुळांच्या परिसरातून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. मागे राहिलेली त्यांची हस्तलिखिते मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. मध्य प्रांतातील आदिवासी जमातींविषयीच्या या कागदपत्रांत लिंगोचे दीर्घ गीत गोंडी भाषेत, रोमन लिपीत आणि इंग्रजी अनुवादासह छापलेले आहे. एका परधानाच्या तोंडून ते घेतलेले होते. गोंडी मौखिक वाङ्मयातील एवढी दीर्घ संहिता इतक्या लवकर छापली गेली, हे या संग्रहाचे मोठेच महत्त्व आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

पुढचा प्रवास मात्र पाहण्यासारखा आहे. १८७१ मध्ये कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांनी मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील आपल्या पुस्तकात हे गीत संक्षिप्त करून लाँगफेलोच्या 'हायवाथा' या काव्याच्या छंदात बांधले. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या चार खंडांच्या जमाती-जातिकोशात ते गद्य सारांशाच्या रूपाने आले. त्याच वर्षी नागपूरचे बिशप आयर चॅटर्टन यांच्या गोंडवनावरील पुस्तकातही लिंगो अवतरला. पन्नास वर्षांत एका कथनाची गोंडी संहिता, तिचा शब्दशः अनुवाद, इंग्रजी पद्य आणि इंग्रजी सारांश अशी रूपांतरे झाली. प्रत्येक टप्प्यावर एक नवे नाव जोडले गेले. ज्या परधानाने ते गाइले त्याचे नाव मात्र अभ्यासपरंपरेत रूढ झाले नाही. आजही संदर्भ देताना आपण 'हिस्लॉपचा पाठ' असेच म्हणतो.

फॉर्सिथ यांनी निवडलेल्या छंदाचीही एक कथा आहे. लाँगफेलो यांचे 'हायवाथा' १८५५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील कथासामग्री मुख्यतः हेन्री स्कूलक्राफ्ट यांनी प्रसिद्ध केलेल्या ओजिब्वे कथांची होती. स्कूलक्राफ्ट यांना ती मिळण्यात त्यांची ओजिब्वे वंशाची पत्नी जेन आणि तिचे माहेर यांचा मोठा वाटा होता. छंद मात्र फिनलंडच्या 'कालेवाला'वरून घेतलेला आणि नायकाचे नाव इरोक्वॉय लोकांच्या इतिहासातून उचललेले. एका समाजाची कथा, दुसऱ्याचे नाव आणि तिसऱ्याचा छंद असे हे काव्य. सातपुड्यातील लिंगोला इंग्रजी वाचकांपुढे उभे करताना फॉर्सिथ यांना हाच साचा सोयीचा वाटला. वसाहतकाळातील वाचकवर्गाला 'आदिम' महाकाव्य कसे ऐकू यावे, याचा संकेत तोवर ठरून गेलेला होता, असे यावरून दिसते.

३. सांगण्याचे नियम

रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथात परधानांना गोंडांची खालच्या दर्जाची शाखा मानले आहे. पुरोहित आणि भाट हा त्यांचा व्यवसाय सांगितला आहे. म्हणजे ज्या कथकसमाजाच्या स्मरणावर ग्रंथातील गोंडविषयक प्रकरणाचा मोठा भाग उभा आहे, त्याच समाजाचा दर्जा तो ग्रंथ ठरवून टाकतो. असा शेरा एकदा कोशात गेला की पुढची पिढी त्याला संदर्भ म्हणून उद्धृत करते. नोंदीची सत्ता ती हीच.

परधानांचे स्थान आतून कसे आहे, हे समजण्यासाठी आपल्याला मराठी भाषक अभ्यासक शामराव हिवाळे यांच्या १९४६ च्या ग्रंथाकडे वळावे लागते. व्हेरिअर एल्विन यांचे सहकारी म्हणून मंडला परिसरात दीर्घकाळ राहिलेल्या हिवाळे यांनी वरच्या नर्मदा खोऱ्यातील परधानांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यातून असे दिसते, की परधान आणि त्याचा गोंड यजमान यांचे नाते वंशपरंपरेने चालत आलेले असते. ठरावीक वर्षांनी परधान यजमानाच्या घरी जातो, त्याच्या कुळाची कीर्ती आणि देवांच्या कथा गातो आणि आपला हक्क म्हणून दान घेतो. आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४० च्या दशकात लिहिताना क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनीही हेच नाते नोंदवले. चार, पाच, सहा आणि सात देवांच्या सगांपैकी प्रत्येक सगाची आपापली कथा असते आणि तिचे कथन त्या सगाच्या पर्सा पेनच्या उत्सवात, त्या सगाशी बांधलेल्या परधानाने करावयाचे असते.

या व्यवस्थेत कथा कोणाच्या मालकीची, असा प्रश्न विचारल्यास सरळ उत्तर मिळत नाही. कथा कुळाची आहे, परंतु कुळाला ती स्वतः गाता येत नाही. ती परधानाच्या कंठात आहे, परंतु परधानाला ती वाटेल तिथे गाण्याचे प्रयोजन नाही. सांगणारा आणि ऐकणारा या दोघांमध्ये मिळून तिचे अस्तित्व आहे. आधुनिक कायद्याची 'लेखक' ही कल्पना तिला लागू पडत नाही, आणि 'अनामिक लोकसाहित्य' ही आपली आवडती संज्ञाही लागू पडत नाही. येथे अनामिक असे कोणीच नाही. कोणता परधान, कोणते कूळ, कोणता सगा, कोणता प्रसंग हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. अनामिकता नोंदीने निर्माण केली.

मराठीच्या अभ्यासकाला आणखी एका गोष्टीची दखल घ्यावी लागेल. आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मराठी असल्याचे फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनी सांगितले आहे. घरात मराठी बोलणारा हा कथक यजमानापुढे गोंडीत महाकाव्य गात होता. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र या द्वैभाषिक कथकाला आपण जागा दिलेली नाही. हैदराबाद संस्थानात अधिकारी असलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले. पण पगडी आपल्याला इतिहासकार म्हणून जेवढे परिचित आहेत, तेवढे या कामासाठी नाहीत.

४. कचारगडचा पाठ

कुडव्याहून गोंदिया स्थानकावर येऊन हावडा मार्गाने पूर्वेकडे निघाले की सालेकसा आणि दरेकसा ही स्थानके लागतात. दरेकशाजवळच्या डोंगरात कचारगडची विस्तीर्ण गुहा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे भरणाऱ्या यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा आणि इतर राज्यांतून गोंड भाविक येतात. १९८० च्या दशकापासून या यात्रेला आजचे व्यापक रूप आले. छापील पाठ आणि येथे सांगितली जाणारी कथा शेजारी ठेवून वाचल्यास नोंदींवरील अधिकाराचा प्रश्न नेमका कुठे आहे ते कळते.

१८६६ च्या पाठात गोंडांना गुहेत कोंडणारा महादेव आहे. एका खारीच्या पाठलागात सारे गोंड गुहेत शिरतात आणि महादेव तिच्या तोंडावर शिळा लावतो. मागे राहिलेले चौघे काचिकोपा लोहागड येथे पळून जातात. त्यांच्यातच पुढे लिंगो येतो, त्यांच्याच हातून मारला जातो आणि पुन्हा जिवंत होतो. गोंडांची सुटका व्हावी म्हणून लिंगो महादेवाने सांगितलेली बिंदो पक्ष्याची कामगिरी पार पाडतो आणि मग गुहा उघडते. म्हणजे सुटका देवाच्या मान्यतेने होते.

कचारगडला सांगितल्या जाणाऱ्या कथेत कोंडलेली मुले माता काली कंकालीची आहेत. पारी कुपार लिंगो त्यांच्या सुटकेसाठी येतो. त्याच्याबरोबर हिरासुका पाटालीर हा वादक असतो. हिरासुकाच्या वाद्याच्या नादाने आतल्या मुलांना बळ येते, ती शिळा ढकलतात आणि त्या शिळेखाली सापडून हिरासुकाचा अंत होतो. ज्या काचिकोपा लोहागडाचा उल्लेख गीतात येतो ते स्थळ म्हणजे कचारगडच, अशी अनेक गोंडांची धारणा आहे. छापील पाठात कोंडण्याची गुहा आणि लोहागड ही दोन वेगळी ठिकाणे आहेत; या धारणेत ती एक झाली आहेत.

पाठचिकित्सेच्या रूढ पद्धतीने आपण येथे 'जुना पाठ' आणि 'नंतरचा पाठ' असे वर्गीकरण करून मोकळे होऊ. तथापि, जुने काय, याचे उत्तर फक्त छपाईच्या वर्षावरून द्यावयाचे का? १८६६ चा पाठ हा एका परधानाने, एका परिस्थितीत, बहुधा परक्या श्रोत्यासाठी केलेल्या कथनाचा पाठ आहे. त्यात महादेव-पार्वती आहेत म्हणून तो 'भ्रष्ट', किंवा कचारगडच्या कथेत समाजाचा आजचा आत्मसन्मान उमटतो म्हणून ती 'रचलेली', हे दोन्ही निवाडे घाईचे ठरतील. दोन्ही पाठ प्रयोग आहेत. एकाला मुद्रणाची जोड मिळाली, दुसऱ्याला यात्रेची.

दोन्हींत एक फरक मात्र लक्षणीय आहे. कचारगडची कथा वादकाचे नाव सांगते. ज्याच्या वाद्यामुळे गुहा उघडली त्याचे नाव समाजाने विसरू दिले नाही. ग्रंथांच्या परंपरेत वादकाचे नाव मागे पडले आणि शिळा बाजूस सारण्याचे श्रेय संग्राहकाच्या पदरात पडले.

५. नोंद ठेवणारा समाज

'आदिवासींकडे लेखन नव्हते, म्हणून इतरांनी त्यांच्या नोंदी ठेवल्या' हे विधान आपल्या पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा येते, की ते तपासण्याची गरज वाटत नाही. गोंडीपुरते ते अपुरे आहे. गोंदियाच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा येथे परधान कुटुंबांनी वेगळ्याच एका लिपीतील गोंडी हस्तलिखिते जपून ठेवलेली होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादच्या अभ्यासकांच्या प्रयत्नांनी ती सर्वांपुढे आली. संगणकाच्या युनिकोड प्रणालीत मसराम लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा लिपीला २०१८ मध्ये स्थान मिळाले. नागपूरचे मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी पारी कुपार लिंगो आणि गोंडी पुनेम यांवर हिंदीत विपुल लिहिले. व्यंकटेश आत्राम यांनी 'गोंडी संस्कृतीचे संदर्भ' मराठीत मांडले.

या लेखनातील सर्वच व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकतात असे नाही आणि ते सांगण्यात संकोच नसावा. समाजाचा अधिकार मान्य करणे म्हणजे त्याच्या अभ्यासकांना चिकित्सेतून सूट देणे नव्हे. परंतु मिशनऱ्याच्या चुकीला आपण 'तत्कालीन मर्यादा' म्हणतो आणि कंगालींच्या चुकीला 'अस्मितेचा आवेश' म्हणतो, हा दुहेरी मापदंड आपल्याच शास्त्रीयतेला बाधक आहे.

भाषिक सर्वेक्षणाचा इतिहासही येथे आठवावा. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाचा मुंडा आणि द्राविडी भाषांचा चौथा खंड १९०६ मध्ये निघाला. प्रत्येक भाषेचा पहिला नमुना म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त भाषांतरित करून घेण्याची या सर्वेक्षणाची पद्धत होती. तुलनेसाठी ती सोयीची होती. मात्र तिच्यामुळे गोंडीच्या नमुन्यातही प्रथम भेटते ती दुसऱ्याची कथा. आज हीच घडण नव्या रूपात समोर येते आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार आहे. भाषा आठव्या अनुसूचीत नाही. २०२५ मध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' या अनुवाद-साधनाची प्राथमिक आवृत्ती आणली; तिच्यात गोंडीचा समावेश आहे. अशा साधनांना मजकूर लागतो. जुने शब्दसंग्रह, ध्वनिमुद्रणे आणि विद्यापीठांतील प्रबंध यांच्याकडे त्यासाठी लोक वळणारच. कपाटात पडून असलेल्या ध्वनिफितीला कालपर्यंत कोणी विचारत नव्हते. आज ती कच्चा माल झाली आहे. तिच्यावर कोणाचा शब्द चालणार, हे ठरवण्याची वेळ म्हणूनच आजची आहे.

६. कायदा कुठवर पोहोचतो

संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या मूलनिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यातील ३१ वे कलम सांस्कृतिक वारसा आणि पारंपरिक ज्ञान यांवरील समाजाचा अधिकार मान्य करते. भारताने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. मात्र सर्वच भारतीय मूलनिवासी आहेत, अशी आपली भूमिका कायम ठेवली. देशांतर्गत कायद्यांत १९९६ चा पंचायत विस्तार कायदा, म्हणजे पेसा, ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख यांचे रक्षण करण्यास सक्षम मानतो. परंतु हा कायदा पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांपुरता आहे आणि गोंदिया जिल्हा त्या क्षेत्रात नाही. गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला जे बळ मिळते, ते कचारगडच्या पायथ्याच्या गावाला मिळत नाही. २००६ चा वनहक्क कायदा मात्र गोंदियातही लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक बौद्धिक हक्काचा उल्लेख आहे. कथागीतांच्या संदर्भात या तरतुदीचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी अद्याप फारसा केलेला नाही.

कॉपीराइट कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचे हक्क प्रथम प्रस्थापित केले आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या प्रयोगाशी आपले नाव जोडले जाण्याचा त्याचा नैतिक हक्क मान्य केला. किंगरीवर गाणारा परधान या अर्थाने प्रयोगकर्ता आहे. मात्र हा हक्क व्यक्तीचा आहे, कुळाचा किंवा सगाचा नाही. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही व्यक्तीपाशीच थांबतो. सारांश, व्यक्तीला कायदा ओळखतो, समाजाला अर्धवट ओळखतो आणि १८६६ च्या अनाम परधानाला मुळीच ओळखत नाही. उरलेले अंतर संशोधकाच्या नीतीने भरावे लागेल.

७. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की साहित्य साऱ्या मानवजातीचे असते. त्याला कुंपण घातले तर अभ्यासच थांबेल. या आक्षेपाला मराठीच्या इतिहासातूनच उत्तर शोधता येते. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके राखले. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांचा उलगडा झाला नसता तर 'लीळाचरित्र' आपल्या हाती आले नसते आणि मराठी गद्याचा इतिहास वेगळाच लिहिला गेला असता. खुलेपणाचे मोल एवढे मोठे आहे. पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. लिपीबद्ध ठेवल्यामुळेच ते ग्रंथ टिकले, त्यांचा पाठ राखला गेला आणि ग्रंथ खुले झाल्यावरही महंतांच्या परंपरेला अर्थनिर्णयात स्थान राहिले. 'लीळाचरित्रा'ला आज कोणी त्याच्या संपादकाच्या नावाने ओळखत नाही. म्हाइंभटांचे नाव आणि चक्रधरांचा पंथ त्या ग्रंथापासून कोणी वेगळा केला नाही. महानुभावांना जे मिळाले तेच परधानांना मिळावे, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे : 'समाज' म्हणजे नेमके कोण? गोंड यजमान की परधान कथक? ग्रामसभा, यात्रेची समिती की शहरात राहणारा सुशिक्षित वर्ग? घरातल्या स्त्रियांचे म्हणणे कोण विचारणार? समाजाच्या नावाने एखादाच गट बोलू लागला तर एका मक्तेदारीच्या जागी दुसरी येईल. हा धोका खरा आहे. त्यावर एकच एक तोडगा नाही. परंतु परंपरेने दिलेली दिशा उपयोगी आहे. तेथे अधिकार एका जागी साठवलेला नसून कथक आणि यजमान यांच्यात वाटलेला असतो. संशोधकानेही एका व्यक्तीच्या स्वाक्षरीवर समाधान न मानता कथक, त्याचे कूळ आणि गाव अशा तिन्ही ठिकाणी विचारणा करणे त्या परंपरेला धरून होईल.

८. मराठी विभागांनी करावयाचे काम

यासाठी आदर्श दूर शोधावा लागत नाही. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्यांत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांची नोंद ठेवण्यात आली. २०१७ पासून हा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाद्वारे लोकांपुढे येत आहे. 'अनामिक स्त्रीगीत' हा शब्दप्रयोग या एका संग्रहाने निरर्थक ठरवला. ज्या प्रकारात नावे मिळणार नाहीत असे आपण गृहीत धरले होते, तेथे ती विचारताच मिळाली.

या अनुभवाच्या आधारे क्षेत्रीय अभ्यासासाठी काही नियम सुचवता येतील. पहिला, कथन घेण्यापूर्वी त्याचा उपयोग कशासाठी होणार आहे, ते कुठे राहणार आहे आणि संगणकीय साधनांसाठी वापरले जाऊ शकते का, हे कथकाला त्याच्या भाषेत सांगावे. दुसरा, कथकाचे नाव, गाव, सगा आणि प्रसंग नोंदवावा. नाव नको असल्यास त्याची इच्छा नोंदवावी. तिसरा, कोणता भाग केवळ कुळापुढे गावयाचा आहे हे विचारावे आणि तो भाग छापू नये. चौथा, संहिता प्रथम गोंडीत, देवनागरी किंवा गोंडी लिपीत द्यावी, मराठी अनुवाद त्यानंतर यावा. पाचवा, ध्वनिमुद्रणाची प्रत कथकाच्या घरी आणि गावच्या शाळेत पोहोचल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये. सहावा, दिलेली संमती मागे घेण्याची वाट मोकळी ठेवावी.

जुन्या नोंदींच्या बाबतीत आपल्याला भूतकाळ बदलता येत नाही, परंतु सूची बदलता येते. विभागीय ग्रंथालयांनी हिस्लॉप, रसेल आणि जिल्हा गॅझेटियर यांच्या नोंदींना टिपणे जोडावीत : सामग्री कोणत्या समाजाकडून आली, कोणते वर्णन आज त्या समाजाला अमान्य आहे आणि त्याच कथेचे समाजाने स्वतः नोंदवलेले पाठ कुठे मिळतील. हे काम खर्चाचे नाही. एखाद्या पदव्युत्तर वर्गाने एका सत्रात करावे इतकेच ते आहे, आणि त्या निमित्ताने वर्गातील गोंड, परधान, हलबा विद्यार्थी 'माहितीदार' न राहता संपादक होतील.

आता आरंभी कल्पिलेल्या कुडव्याच्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. तिने आपला संदर्भ असा द्यावा, असे सुचवावेसे वाटते : प्रथम आजोबांचे नाव, ते परधान कथक असल्याचा उल्लेख, गाव, ज्या सगासाठी ते गातात त्याचे नाव आणि ऐकल्याचे वर्ष; त्यानंतर, 'याच परंपरेतील एका परधानाने सांगितलेला पाठ, संग्राहक हिस्लॉप, संपादक टेंपल, १८६६'. या क्रमाने लिहिले म्हणजे ग्रंथाचे मोल कमी होत नाही. तो आपल्या योग्य जागी, एका दीर्घ परंपरेतील एका प्रयोगाची नोंद म्हणून बसतो. आणि परीक्षकाने 'तोंडी माहितीला प्रथम स्थान का?' असे विचारल्यास, आजोबांना कोणाकोणापुढे आणि केव्हा गाण्याचा अधिकार आहे, हे तिने सांगावे. त्या उत्तरात तिच्या प्रबंधिकेचे एक संपूर्ण प्रकरण आहे.